केस गळतायत? आधी कॅलेंडर उघडा

गुंतवळ घेऊन भांडी देणाऱ्या बाया आमच्या गल्लीत अजून वर्षातून एखाद-दोनदा येतात. फणीत निघालेले केस फेकायचे नाहीत, आरशामागच्या पिशवीत साठवायचे आणि त्यांच्या बदल्यात चहाची गाळणी नाहीतर एखादी वाटी घ्यायची, ही आमच्या घरची जुनी रीत. त्या केसांचं पुढे गंगावन होतं. ज्या वर्षी मला डेंगी झाला, त्या वर्षी ती पिशवी महिन्याभरात फुगली. संक्रांतीच्या सुमाराला बाई आली, गुंतवळ हातावर तोललं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “ताई, पावसाळ्यात आजारी पडली होती का?”

तोवर दोन महिने मी दुकानं पालथी घालत होते. दिवाळीच्या अभ्यंगाला न्हाणीची जाळी केसांनी तुंबली, तेव्हापासून चार तेलं आणि तीन शाम्पू बदलले होते. विकणाऱ्या एकानेही मला हा प्रश्न विचारला नव्हता. डेंगी ऑगस्टमध्ये झाला, केस नोव्हेंबरात गळायला लागले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

होळीपर्यंत गळणं थांबलं. कपाळापाशी बोटभर नवे केस उभे राहिले. मी चौथ्या तेलाचं नाव अर्ध्या गावाला सांगितलं. खरं म्हणजे तेल न लावताही ते केस आलेच असते.

म्हणून बायांनो, माझं पहिलं आणि मुख्य सांगणं एवढंच आहे. केस गळायला लागले की तेलाच्या बाटलीकडे जाऊ नका. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे जा आणि तीन पानं मागे उलटा.

तीन महिन्यांचा हिशेब

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस आपापल्या वेळापत्रकाने चालतो. दोन ते सहा वर्षं वाढतो, महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर. मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते आणि पुढे तीनेक महिने तो मुळाशी नुसता बसून राहतो. खालून नवा केस आला की जुना गळून पडतो. म्हणजे रोज ५० ते १०० केस जाणं हा झाडाच्या पानगळीसारखा नेहमीचा व्यवहार आहे. आठवड्यातून एकदा न्हाणारीला त्या दिवशी जास्त दिसतात, कारण आदले सहा दिवसही त्यातच जमा असतात.

शरीरावर मोठा आघात झाला की हे वेळापत्रक विस्कटतं. घरात आजारपण आलं की आपण आधी वरखर्च बंद करतो. शरीरही तेच करतं. हृदय, मेंदू, यकृत यांची सोय आधी लावायची, केस वाढवणं नंतर. एरवी दहातला एखादा केस विश्रांतीला असतो, तिथे तीन-चार बसतात. बसलेला केस लगेच गळत नाही, दोन-तीन महिन्यांनी गळतो. तोवर ताप विसरलेला असतो, टाके सुकलेले असतात, आणि दोष जातो नव्या घराच्या बोअरिंगच्या पाण्यावर.

डेंगी, टायफॉइड, मलेरिया, कोविड यांसारखा कडक ताप, मोठं ऑपरेशन, अपघात, घरातला मृत्यू, महिन्यात आठ-दहा किलो वजन उतरवणारं डाएट, गर्भनिरोधक गोळ्या बंद करणं, यांतलं काहीही तीन महिन्यांमागे सापडू शकतं. बाळंतपण तर सगळ्यात ठळक. गरोदरपणात संप्रेरकांमुळे केस गळायचे थांबतात, वेणी जाड होते. बाळंतपणानंतर ते राहिलेले सगळे केस एकदम निघतात. बाळ हसून ओळख द्यायला लागलं की आईचे केस जातात, असं आमच्याकडे जुन्या बायका म्हणत. बाळ ओळखू लागतं ते दोन-तीन महिन्यांचं झाल्यावर, आणि केसांचा हिशेबही तेवढाच. बाळाच्या हसण्याचा त्यात दोष नाही, पण त्या बायकांची मोजणी चोख होती.

अशा गळतीत केस पुंजक्यांनी हातात येतात, सगळ्या डोक्यावरून येतात, आणि बाई घाबरून जाते. पण यात टक्कल पडत नाही. मुळं शाबूत असतात. कारण एकदाच घडून गेलेलं असेल तर गळती साधारण सहा महिन्यांत थांबते. बाळंतिणीचे केस बहुधा वर्षभरात पूर्ववत होतात. लांब वेणी मात्र लगेच भरत नाही. महिन्याला एक सेंटिमीटर या हिशेबाने खांद्यापर्यंत यायलाच दोन-अडीच वर्षं लागतात. तोवर धीर धरायचा आणि नीट जेवायचं, हेच औषध.

कॅलेंडरवर काहीच सापडलं नाही तर

सहा महिने उलटून गेले तरी गळणं थांबत नाही, आणि मागे ताप नाही, बाळंतपण नाही. मग आघात एकदाचा नसून रोजचा आहे असं समजा. आपल्याकडे त्याचं पहिलं नाव रक्त कमी असणं.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. देशभरात हा आकडा ५७ टक्के आहे. त्यामागे ताटाइतकंच पाळीचंही कारण असतं. “अंगावरून जरा जास्त जातं, पण आमच्या घरात सगळ्यांचंच असं आहे,” हे वाक्य मी किती जणींच्या तोंडून ऐकलंय. सात दिवसांहून जास्त पाळी, दर तासा-दोन तासांनी पॅड बदलावं लागणं, मोठ्या गाठी पडणं, हे घराण्याचं वैशिष्ट्य नव्हे. ते डॉक्टरांना सांगायचं लक्षण आहे. आधी ती गळती थांबवा, मग केसांची थांबेल.

गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर रक्तक्षय. पण हिमोग्लोबिन १२ च्या वर असूनही लोहाचा साठा रिकामा असू शकतो. पगार हातात येतोय, पण बँकेत शिल्लक नाही, तसं ते. ती शिल्लक फेरिटिन नावाच्या तपासणीत कळते. डॉक्टरांना तिच्याबद्दल जरूर विचारा. गोळ्या सुरू झाल्या तर चहाबरोबर घेऊ नका, चहा लोह शोषू देत नाही. लिंबू चालतं, उलट मदतच करतं. शौचाला काळं होतं, त्याला भिऊ नका. आणि हिमोग्लोबिन वर आलं म्हणून गोळी सोडू नका. साठा भरायला पुढेही साधारण तीन महिने लागतात.

दुसरं कारण थायरॉइड. सुस्ती, वजन वाढणं, थंडी सोसेनाशी होणं, बद्धकोष्ठ आणि सोबत केस गळणं असं असेल तर टीएसएच ही रक्ताची तपासणी करून घ्या. थायरॉइडची गोळी पहाटे रिकाम्या पोटी घ्यायची असते. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी आणि ती यांच्यात चार तासांचं अंतर ठेवा, नाहीतर थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही.

तिसरं कारण आपलं ताट. सोमवार, चतुर्थी, एकादशी, मध्ये नवरात्र. साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च. वाटीभर दाण्याचं कूट पडतं तेवढंच प्रथिन. केस हा प्रथिनाचाच बनलेला असतो. उपवास करू नका असं मी म्हणत नाही, श्रद्धेचा प्रश्न ज्याचा त्याचा. उपवासाला दूध, दही, ताक, दाणे, राजगिरा वाढवा आणि एरवी ताटात उसळ, डाळ, अंडं, मासळी यांपैकी काहीतरी रोज असू द्या. घरातल्या सगळ्यांचं झाल्यावर पातेल्यात उरलेला रस्सा आणि पोळी हे जेवण झालं, प्रथिन नव्हे. अंडं डोक्याला फासण्यापेक्षा पोटात घाला.

औषधांमुळेही केस जातात. रक्त पातळ करणाऱ्या, फिटच्या, रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी असं होतं. तसा संशय आला तर डॉक्टरांना सांगा, पण गोळी मनाने बंद करू नका. फिट येणं किंवा रक्तदाब चढणं हे केस जाण्यापेक्षा फार महागात पडतं.

आता आरशात बघा

कॅलेंडरनंतर आरसा. गळती सगळीकडून आहे की एका जागी, हा दुसरा प्रश्न.

भांग रुंद होत चाललाय का? लग्नातला फोटो काढून शेजारी धरा. तेव्हा कुंकवाच्या रेघेएवढा असलेला भांग आता बोटभर दिसतोय, माथ्यावर त्वचा चमकतेय, पण कपाळावरची केसांची रेघ जागेवर आहे, असं असेल तर ही बायकांच्या टकलाची सुरुवात. त्यात पुंजके निघत नाहीत. जुना केस गळून येणारा प्रत्येक नवा केस आधीच्याहून बारीक असतो, म्हणून उशिरा लक्षात येतं. आनुवंशिकता असते, पाळी जाण्याच्या वयात जोर धरते. तरुण मुलीत हे दिसलं आणि पाळी अनियमित, हनुवटीवर राठ केस, मुरमं अशी जोड असेल तर पीसीओएसची तपासणी करून घ्या.

कानाच्या वर आणि कपाळाच्या कडेला विरळ झालंय का? मग वेणी बघा. घट्ट ओढून घातलेला अंबाडा, शाळेच्या दोन कडक वेण्या, रोजचा ताणलेला पोनीटेल, जोडलेले केस, सगळ्यांचा ताण त्या नाजूक मुळांवर पडतो. नर्स, पोलीस, हवाई सेविका, नाचणाऱ्या मुली यांच्यात हे दिसतं. वेळीच सैल केलं तर केस परत येतात. वर्षानुवर्षं ओढत राहिलं तर मुळं कायमची जातात. मुलीच्या वेण्या घालताना ती “आई, दुखतंय” म्हणाली की ऐका.

रुपयाएवढा गोल, गुळगुळीत चट्टा पडला तर ती चाई. तिला कीड समजून कुणी लसूण घासतं, कुणी त्याहून जहाल काहीतरी लावतं, आणि कातडी भाजते. चाईत कीड नसते, ती एकीची दुसरीला लागत नाही. शरीराची संरक्षक फौज चुकून स्वतःच्याच केसांच्या मुळांवर चालून जाते. छोटे चट्टे कित्येकदा आपोआप भरतात, नाहीतर डॉक्टर तिथे इंजेक्शन देतात. मोठ्या चाईसाठीही आता गोळ्या आल्या आहेत, त्या तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यायच्या.

आणि एक प्रकार असा, की त्यात थांबायला अजिबात वेळ नसतो. डोक्याची आग होते, दुखतं, खाज येते, खपल्या किंवा पू दिसतो, आणि जिथले केस गेले तिथली त्वचा काचेसारखी चकचकीत, छिद्रं बुजलेली. इथे मुळं मरत असतात. मेलेलं मूळ कुठल्याच औषधाने उगवत नाही, उरलेलीच वाचवता येतात. भुवया विरळ होणं, तोंड येणं, सांधे दुखणं, उन्हाने चेहऱ्यावर लाल चट्टे येणं, यांतलं काही सोबत असेल, किंवा आवाज घोगरा होऊन अंगावर केस झपाट्याने वाढत असतील, तर याच आठवड्यात डॉक्टर गाठा. लहान मुलाच्या डोक्यावर खपलीचा चट्टा पडून केस तुटत असतील तर तो बहुधा गजकर्णाचा प्रकार. त्याला पोटातून औषध लागतं, नुसत्या मलमाने भागत नाही.

बाटल्या, गोळ्या आणि पॅकेज

तेलाशी माझं वैर नाही. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनाची झीज कमी करतं, हे तपासून सिद्ध झालंय. केस कमी तुटतात, मऊ राहतात. पण तुटणं वेगळं आणि मुळापासून गळणं वेगळं. गळलेल्या केसाच्या टोकाला पांढरा बारीक ठिपका असेल तर तो मुळातून आलाय, आणि त्याचं कारण तेलाच्या आवाक्याबाहेर आहे. कोंडा असेल तर रात्रभर तेल थापू नका. कोंड्याची बुरशी त्याच तेलावर पोसते. कीटोकोनाझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, तीन-चार मिनिटं ठेवून धुवा. मुंडण केल्याने केस दाट येत नाहीत. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून जाड वाटतं, मूळ कातडीखाली होतं तसंच असतं.

केसांसाठीच्या गोळ्यांचं काय? २०२४ सरताना आणि २०२५ च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात काय घडलं ते आठवा. बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आजूबाजूच्या गावांत तीन-चार दिवसांत माणसांची डोकी रिकामी झाली. त्यात कॉलेजच्या मुली होत्या. आधी संशय शाम्पूवर गेला, मग पाण्यावर. आयसीएमआरचं पथक येऊन नमुने घेऊन गेलं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रक्त, लघवी, केस आणि रेशनचा गहू तपासून घेतला आणि बोट ठेवलं ते गव्हातल्या वाजवीहून जास्त सेलेनियमवर. पुढे अनेकांना केस परत आले. आता तुमच्या घरातल्या केसांच्या गोळ्यांच्या डबीवरची घटकांची यादी वाचा. बऱ्याच डब्यांवर सेलेनियम सापडेल. शरीराला ते अगदी सूक्ष्म प्रमाणात लागतं, जास्त झालं तर तेच केस घालवतं. ‘अ’ जीवनसत्त्वाचंही तसंच. बायोटिनची खरी कमतरता क्वचितच असते, उलट त्या गोळ्यांनी थायरॉइडचा रिपोर्ट चुकू शकतो. रक्त देण्याआधी ती गोळी घेताय हे लॅबमध्ये आणि डॉक्टरांना सांगा.

भांग रुंदावणाऱ्या प्रकारावर मात्र औषध आहे, मिनॉक्सिडिल. हे मूळचं रक्तदाबाचं. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, तेव्हा त्याचा हा गुण कळला. बायकांसाठी २ आणि ५ टक्क्यांत मिळतं. किती आणि कितीदा लावायचं ते डॉक्टर सांगतील, पण काही गोष्टी आधीच माहीत असलेल्या बऱ्या. ते केसांना लावायचं नाही, टाळूच्या कातडीला लावायचं. पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढते, कारण जुने केस नव्यांना जागा करून देतात. इथेच बऱ्याचजणी घाबरून सोडून देतात. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात. थांबवलं की मिळवलेलं काही महिन्यांत जातं, म्हणजे हे वर्षानुवर्षांचं काम आहे. ते चेहऱ्यावर ओघळू देऊ नका, तिथेही लव वाढते. हात धुवा. गरोदर असाल, दूध पाजत असाल किंवा मूल हवं असेल तर लावू नका. घरात मांजर असेल तर जपा, मांजराला ते विष आहे. संप्रेरकांवर काम करणाऱ्या गोळ्याही काहीजणींना देतात. त्यांतल्या काही पोटातल्या बाळाला अपाय करतात, त्यामुळे मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून त्या आणू नका.

आणि पॅकेज. पहिल्याच भेटीत कुणी डोकं न बघता, पाळीचं न विचारता तुमच्याच रक्तातून बनवलेल्या इंजेक्शनांचं सहा बैठकांचं पॅकेज पुढे केलं, तर तीन प्रश्न विचारा. मला नेमकं काय झालंय? काहीच केलं नाही तर काय होईल? आणि हे उपचार कधी थांबवायचे? नीट उत्तरं मिळाली तर विचार करा. तापानंतरची गळती असेल तर सहा बैठका संपेपर्यंत केस तसेही येणार असतात, आणि माझ्या चौथ्या तेलासारखं श्रेय पॅकेजला जातं. पैसे नसतील म्हणून अडू नका. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात केसपेपर काढा. हिमोग्लोबिन तर प्राथमिक आरोग्य केंद्रातही बघतात.

घरातल्या बाकीच्यांसाठी दोन शब्द

“अगं, किती केस गेले तुझे!” हे सांगायची गरज नसते. तिला ते रोज सकाळी फणीत दिसतं. मुलगी बघायला गेल्यावर वेणीची लांबी नजरेने मोजणाऱ्यांनी आधी आपल्या मुलाचा माथा बघावा. सासूबाईंनी, आईने, नवऱ्याने म्हणायचंच असेल तर असं म्हणावं, की चल, रक्त तपासून येऊ. आणि बाळंतिणीचे केस गळताना दिसले तर बाळाला तासभर घ्या, तिला गरम जेवू द्या. आळिवाचे लाडू करून डब्यात ठेवता तसे ते तिच्या ताटात पडतायत का, तेही बघा.

आता उठा आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढा. दुधाचा हिशेब आणि सिलिंडरची तारीख आपण त्यावर लिहितोच. त्याच चौकटींत आजपासून पाळीच्या तारखा लिहा. ताप आला तर तो लिहा, नवी गोळी सुरू झाली तर तीही. आज भांगाचा एक फोटो काढा आणि तीन महिन्यांनी त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात दुसरा काढा. डॉक्टरांकडे जाताना ती पानं आणि ते दोन फोटो न्या. बाटल्यांची पिशवी घरीच राहू दे.